फेस बसल्यावर

राहू, १० जानेवारी २०२५

चि. सुलक्षणास आप्पाचा अनेक आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. थंडी लई पडलीय, गुऱ्हाळ जोरात हाय. मी हातानं लिहितो, दीक्षा फोटो काढून तुझ्या जहाजावर धाडती आन् दर पत्राला भज्यांची प्लेट मागती. लहान बहीण म्हणून तूच लाडावून ठेवलीस तिला!

तुझी आई इचारती, समुद्रावर ना डोंगर ना झाड, मग वादळ येतं कुठनं? नीट समजावून लिही.

आन् आपलं ठरलेलं इसरू नको. ज्या दिवशी भ्या वाटंल त्या दिवशी खरं लिहायचं आन् घरी यायचं. शिक्रापूरच्या कारखान्यातली जागा मामानं तुझ्यासाठी महिनाअखेरपतूर धरलीय.

तब्येतीला जप. आठवण काढत जा.

तुझा आप्पा


उत्तर पॅसिफिक, २२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस सुलक्षणाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आईला सांगा, वादळ आपल्या गुऱ्हाळात रोज होतं. उकळत्या रसाच्या काहिलीतून वाफ निघते. पहाटे दारातून गार वारा शिरतो, जड असतो म्हणून खालून येतो आणि वाफेला वर ढकलतो. वाफ पत्र्याला लागून गार होते आणि तुमच्या टोपीवर टपकते. इथंही तसंच. उत्तरेकडून कोरडी गार हवा येते, दक्षिणेकडून कोमट समुद्राची ओली हवा. गार हवा खाली घुसते, ओली वर चढते, ढग होतात. खालचा दाब उतरतो, तो भरायला चहूकडून हवा धावते आणि पृथ्वी फिरते म्हणून तीही गरगरते. अडवायला डोंगर नाही, वाफ मात्र हवी तेवढी.

आता खरं लिहिते. परवा सकाळी, हवामानाच्या नोंदी घ्यायच्या माझ्या ड्युटीत, आधी खूप पाऊस झाला. दहाला थांबला, हवा उबदार झाली, जरा उजेड आला. सगळे म्हणाले, गेलं वादळ! पुढच्या कंटेनरांच्या साखळ्या ढिल्या झालेल्या, त्या आवळायला डेकच्या मुकादमांनी सहा माणसं तयार केली. पण हवेच्या दाबाचा काटा अजून खालीच चाललेला. मला तुमच्या चुलवाणावरची काहील आठवली. फेस बसला, रस गप झाला की नवखा माणूस उठतो आणि तिथंच गूळ करपतो.

मी कॅप्टनसाहेबांना म्हणाले, एक तास माणसं सोडू नका, गार हवा अजून यायची आहे. मुकादम हसले. साहेबांनी काट्याकडं पाहिलं आणि माणसं आतच थांबवली.

चाळीस मिनिटांत वारा नैर्ऋत्येकडून एकदम वायव्येला फिरला, हवा बर्फासारखी झाली. ती सहा माणसं जिथं उभी राहिली असती, तिथून लाट गेली. उंची दोन माणसांएवढी.

आप्पा, मला भीती वाटली. लाटेच्या वेळी नाही. सगळे हसत होते तेव्हा. पुढच्या कराराची सही महिनाअखेर करायची आहे. शब्द दिलाय, तुम्ही म्हणाल तसं करीन.

आईला लाटेची उंची सांगू नका. माया असू द्या.

तुमची सुलू


राहू, २७ जानेवारी २०२५

चि. सुलूस आप्पा आन् आईचा आशीर्वाद.

दीक्षा तुझं पत्र आईला वाचून दाखवत व्हती; लाटेची ओळ गाळ म्हणून मी तिला डोळ्यानं खुणावलं, पर तिनं ती दोनदा वाचली. तुझी आई म्हणाली, त्या सहा जणांनी माझ्या लेकीला चहा तरी पाजला का?

माझ्या उजव्या हातावरचा भाजल्याचा डाग तू ल्हानपणी बोटानं चाचपायचीस. त्याची गोष्ट मी कवा सांगितली न्हाई. चाळीस वर्सं गूळ करतोय, दर काहिलीला मला भ्या वाटतं. एकाच दिवशी वाटलं न्हाई. रस गप दिसला, मी पाठ करून हसत बसलो. मागं वळलो आन् उकळता रस हातावर आला. लाजंनं सांगितलं न्हाई, पोरी.

आपलं ठरलं तवा माझंच चुकलं व्हतं. भ्या वाटलं म्हणून ती सहा माणसं जित्ती हायेत. तुला भ्या वाटलं नसतं, तर मात्र मीच तुला घरी बोलावली असती.

मामाला सांगितलं, शिक्रापूरची जागा दुसऱ्या कुणाला दे.

सही कर. आन् अशीच भीत जा.

तुझा आप्पा