इष्टमधली ह्रस्व इ

प्रिय टिल्ल्या,

बुधवार, १२ मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. कालव्यावरच्या पादचारी पुलाची मधली फरशी खचली आणि शिंपीणमावशींचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. तारीख-वेळ आधी, रडणं नंतर, ही आमच्या शाळेतल्या सिस्टरांची शिस्त. रडायला मला अजून सवड झालेली नाही. बांधकाम खात्यातल्या एवढ्या मोठ्या अभियंत्याला टिल्ल्या म्हणू नये हे मला कळतं, पण साहेबाला लिहिलेलं पत्र आधी कारकुनाच्या टेबलावर जातं आणि तिथे त्याला पाय फुटतात. म्हणून घरच्या पत्त्यावर, घरच्या नावाने.

मी त्यांच्या मागे दोनच पावलं होते. आवाज फार मोठा झाला नाही, कप फुटावा एवढाच. तुझ्या शाळेच्या चड्ड्या याच मावशींनी शिवल्या. अंग वाढतं म्हणून खाली दोन बोटं कापड जास्त दुमडून ठेवायच्या. उजवा पाय म्हणजे त्यांचा मशीनचा पाय. हाड जुळेल, पण पायडल मारता येईल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. स्ट्रेचरवर घेताना मावशी मला म्हणाल्या, "टिल्ल्याला कळवू नका हो, उगीच जिवाला लावून घेईल." मी मान डोलावली. आता शब्द मोडते आहे.

पूल मात्र देखणा दिसतो हं. कठड्याला निळा रंग, वर दिव्यांची रांग. वरून कीर्तन, आतून तमाशा. गेल्या वर्षीच्या नगरसभेत हे ठरलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. दोन तास वाद चालला. एक गट म्हणे फरश्या बदला, दुसरा म्हणे शहराला काही शोभा नको का. दिव्यांच्या उद्घाटनाला फीत असते. फरशी बदलायला कात्री घेऊन कोण येणार? शेवटी अध्यक्षांनी चष्मा लावून तुझ्या अहवालातलं वाक्य वाचलं: 'मधल्या तीन फरश्या बदलणे इष्ट आहे.' इष्ट म्हणजे झालं तर बरं, नाही झालं तरी अडत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. आणि त्यांना नावं ठेवायला जागा नाही, कारण अर्थ तोच होतो. दुरुस्तीचा निधी दिव्यांना गेला.

आता पुढचं ऐक. तुझ्या हाताखालचा एक शहाणा दवाखान्यात आला आणि 'पादचारी स्त्रीजवळ जड गाठोडे होते' असं लिहून गेला. गाठोड्यात तान्ह्या बाळांची सहा झबली होती. उद्या कठड्यावर चिमणी बसली तर तिच्याही वजनाची नोंद करतील. नगरसभेने हे मान्य केलं तर दोष मावशींचा ठरेल, आणि उरलेल्या दोन फरश्या पुन्हा इष्टच राहतील.

त्यावरची सभा बुधवारी, २६ तारखेला, सकाळी अकराला आहे. मावशींच्या वतीने मी बोलणार आहे. त्या तयारीसाठी कपाट उपसलं आणि तुझ्या अहवालाचा कच्चा कागद हाती लागला. गेल्या वर्षी दोन दिवस राहायला आलास, "आई, जरा शुद्धलेखन बघ गं" म्हणून पुढ्यात टाकलास, तोच. 'आवश्यक' तू आधीच खोडला होतास आणि वर 'ईष्ट' लिहिलं होतंस, दीर्घ. सरकारी छापखान्यात तेहेतीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई मी. लाल पेन घेतलं, ई ह्रस्व केली, समासात खूण केली आणि पन्नाशी आली तरी तुला ह्रस्व-दीर्घ कळत नाही म्हणून तुला बोलले. तू हसलास, पण माझ्याकडे न बघता. खोडलेला शब्द स्वच्छ वाचता येत होता रे. मी वाचला नाही; मी चूक शोधत होते. तुला तो कोणी खोडायला लावला ते मी विचारत नाही, कारण माझ्या हाताला तर कोणीच धरलं नव्हतं. मावशींना अजून यातलं काही सांगितलेलं नाही. मी दवाखान्यात गेले की त्या माझाच हात धरून बसतात. तो कागद मी सभेत वाचणार आहे, माझ्या लाल खुणेसकट. पण त्याआधी खोडलेला शब्द तू स्वतः परत लिहावास, तुझ्या सहीने, सभेच्या नावे, आणि त्याची प्रत मला, एवढ्यासाठी हे पत्र. सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे. फोन करू नकोस, फोनवर तू मला गुंडाळतोस. घाईत शुद्धलेखन चुकलं तर चुकू दे. या वेळी मी पेन हातात घेणार नाही.

तुझीच, म्हणूनच इतकी चिडलेली,
आई