मेला नाहीये, धरून ठेवलाय

प्रिय ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. फोनवर बाबा ऐकतील, म्हणून लिहून फोटो पाठवतोय.

प्रयोगशाळेत काचा धुतो, हे तुला अर्धंच सांगितलं होतं. आम्ही गिनीपिगच्या आतड्याचा बोटाएवढा तुकडा कोमट खारट पाण्याच्या नळीत दोऱ्याने टांगतो. विजेचा बारीक झटका दिला की तो आक्रसतो आणि दोऱ्याला जोडलेलं पेन कागदावर उडी मारतं. मॉर्फिनचा थेंब टाकला की उड्या बंद, रेघ आडवी. मग नळी तीनदा धुवायची. ते माझं काम.

मंगळवारी घाईत मी एकदाच धुतली. तुकडा हलेना. गेला कामातून, म्हणून डब्यात टाकणार, तोच आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी हात धरला. म्हणाल्या, अरे शहाण्या, मेला नाहीये तो, औषधाने धरून ठेवलाय. नीट धू. धुतलं, आणि ताई, हळूहळू पेन उड्या मारायला लागलं!

मग त्यांनी समजावलं. आतड्यात या औषधाची कुलपं असतात, वेगवेगळ्या जातींची. एकीचं नाव म्यू, दुसरीचं कप्पा. प्रत्येक जनावरात कमी-जास्त. दुखणं थांबवणारं म्यू कुलूप डोक्यात असतं, तसंच पोटातही. किल्ली एकच, त्यामुळे दुखणं थांबतं तसं पोटही थांबतं. मी विचारलं, मग माणसाला कुठून धुवायचं? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मॉर्फिनच्या गोळ्यांबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्यापासून द्यायचं असतं.

बाबांच्या दुखण्याच्या गोळ्याही मॉर्फिनच्याच, तेव्हापासून माझं बूड टेकत नाही. बाबांचं पोट फुगलं, आतडं मेलं म्हणून तू फोनवर रडलीस, आणि मी इथून शहाणपणा केला, बंद कर त्या गोळ्या. आता ते दुखण्याने उशी चावतात, हे तू नाही, भाचीने सांगितलं. ताई, मी चुकलो. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. आधी पोट तपासू दे, मग गोळ्यांचं आणि पोटाच्या औषधाचं विचार. बंद करायला कुणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव घे, ओरडा मला बसू दे. भाची म्हणते, बाबा गोळी मागतच नाहीत. पोरगा औषधांच्या कामात आहे, त्याला कळतं, म्हणतात. त्यांना सांग, पोरगा बाटल्या धुतो. आणि गोळी घ्या म्हणतो.

तुझाच,
चुळबुळ्या