कॅसेटच्या खोक्यातली चौदा कार्डं

ऑस्टर लेक, मिनेसोटा
१९ ऑक्टोबर १९९८

प्रिय आर्डिस,

तू, तुझा डावा गुडघा आणि तुझ्या अंगणातला तो निवडुंग, तिघंही खुशाल असाल अशी आशा आहे. (निवडुंगाला पाणी घालू नकोस असं मी मागच्या पत्रात बजावलं होतं. घातलंस ना?) माझं म्हणशील तर बरं चाललंय. रक्तदाब डॉक्टरला बोलायला काही उरू नये इतपत आहे. सकाळी तळ्याच्या काठाला बर्फाची साय धरायला लागली आहे आणि खिडक्यांना हिवाळ्याच्या काचा बसवून झाल्या. एक उलटी बसली, पण ती तळघराची. तिथून कोण बघतंय!

आता मेहुणीला पत्र लिहायचं आणि त्यात तक्रार नसायची, हे काही शोभत नाही. तर तक्रार अशी, की पुढे जे काही घडलं त्या सगळ्याचं मूळ तू आहेस. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात तूच व्हर्नाला तो अंतराळातल्या सिनेमांचा संच पाठवलास. तीन व्हिडिओ कॅसेट, वर चकचकीत खोका, खोक्यावर फुटणारा ग्रह. मी म्हटलं, सत्तरीच्या बाईला ही कसली भेट! पण तुझी बहीण त्या खोक्याकडे असं बघत होती, की लग्नाच्या अंगठीकडेसुद्धा तिने कधी असं बघितलं नव्हतं. (अंगठी लहान होती, हे मान्य.)

मग दर रविवारी चर्चहून आलं, जेवण झालं, की आम्ही दोघं सोफ्यावर. तुला माझं माहीत आहे. पोटात बटाट्याची गरम हॉटडिश गेली की विमानं उडू देत नाहीतर ग्रह फुटू देत, पंधराव्या मिनिटाला माझी मान छातीवर. आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा तू बारा वर्षांची, चर्चमध्ये आमच्या मधोमध बसायचीस आणि प्रवचनात माझा डोळा लागला की दंडाला नखं रुतवून चिमटा काढायचीस. त्या चिमट्यांच्या जोरावर मी तुमच्या वडिलांसमोर धार्मिक ठरलो. व्हर्ना चिमटा काढणारी नव्हती. ती मला झोपू द्यायची. आणि मी झोपलो की स्वयंपाकघरातून पाककृती लिहायचं एक कोरं कार्ड आणून, मी काय काय चुकवलं ते लिहून ठेवायची आणि कार्ड कॅसेटच्या खोक्यात सरकवायची. मला म्हणायची, वाच हं. मी म्हणायचो, वाचीन सावकाश, पळून जातायत का.

ती मार्चमध्ये गेली, तू होतीसच. आर्डिस, तू घर आवरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिच्या अक्षरातलं घरात काहीच नाही. सामानाच्या याद्या आपण फेकून देतो. पत्रं लिहायची वेळच आली नाही, सेहेचाळीस वर्षं एकाच घरात होतो. फ्रीझरमध्ये रूबार्बच्या आंबट देठांचा एक डबा आहे, त्यावर 'रूबार्ब ९६' असं लिहिलंय. तेवढंच. आणि ती चौदा कार्डं. रोज ठरवायचो उद्या वाचू, कारण वाचून संपली की पुढे काय, हा प्रश्न होता.

आणि मग मी गाढवाने ती देऊन टाकली. सप्टेंबरमध्ये चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी मेव्हिस सामान न्यायला आली. ओसरीवर दोन खोकी होती, एक द्यायचं, एक ठेवायचं. मी मोठ्या उदारपणे ठेवायचं दिलं. आता माझ्याकडे अकरा जुने स्वेटर आहेत, आणि त्यातला एक शाळेतला आहे.

तू म्हणशील, मग मागायचं परत. बावीस वर्षं ॲरिझोनात राहून तू अगदी परकी झालीस. चर्चला दिलेली वस्तू परत मागणारा माणूस आपल्या गावात एकच होऊन गेला, १९३४ साली, आणि त्याच्या नातवाला अजून त्यावरून ओळखतात. मी मेव्हिसकडे नुसता गेलो, हवेबद्दल बोललो, तिच्या बहिणीच्या पित्ताशयाबद्दल बोललो, आणि कॉफीच्या तिसऱ्या कपाला कळलं की संच रूडी कॅस्टेलानोने नेला. हा न्यू जर्सीचा, निवृत्त बसचालक, गेल्या वर्षी तळ्याकाठी राहायला आला. माणूस चांगला आहे, पण आपल्यातला नाही. कसा, ते ऐक.

मी त्याच्याकडे एक भोपळा घेऊन गेलो. (रिकाम्या हाताने मागायला जाता येत नाही, आणि भोपळे यंदा फार झालेत.) त्याने विचारलं, कॉफी घेणार? मी म्हटलं, छे छे, कशाला उगीच. आता आपल्याकडे कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत असतं, की पहिलं 'नको' हे सभ्यतेचं, दुसरं 'नको' हे आईवडिलांच्या संस्कारांचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस म्हणतो, बरं, अर्धा कप, आणि तीन पितो. रूडी म्हणाला, बरं. आणि खाली बसला! चाळीस मिनिटं मी कोरड्या घशाने त्याच्या छपराच्या पन्हळीबद्दल बोललो. समोर टीव्हीवर माझाच सिनेमा थांबवून ठेवलेला, त्यात एक सहा हातांचा हिरवा माणूस माझ्याकडे बघतोय.

दुसऱ्या वेळी दुसरा भोपळा. रूडीने तोंडावर विचारलं, "टॉलेफसन, तुम्हाला माझ्याकडून काहीतरी हवंय, बरोबर?" आपल्या गावात इतकं सरळ फक्त पोलीस विचारतात. मी म्हटलं, नाही हो, छे, काही नाही. तो म्हणाला, बरं. मग तोंड लपवायला जागा नव्हती म्हणून मी शिडी लावून त्याची पन्हळ साफ करून दिली. घरी येताना गाडीत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की पाद्रीबाबांनी ऐकलं असतं तर माझी भोपळ्यांसकट हकालपट्टी झाली असती. तिची कार्डं माझ्यापासून चार हातांवर होती आणि माझ्या जिभेला 'कार्डं द्या' हे दोन शब्द जड झाले.

गेल्या गुरुवारी त्यानेच बोलावलं. म्हणाला, या, गंमत दाखवतो. टेबलावर चौदा कार्डं, ओळीने मांडलेली.

"हा संच घेतला ना, त्यात कंपनीने टिपणंसुद्धा दिलीत," रूडी म्हणाला. "हुबेहूब हाताने लिहिल्यासारखी छापलीत, डागांसकट. आणि त्यात मर्ल नावाचं एक पात्र आहे. मी तिन्ही सिनेमे दोनदा पाहिले, हा कुठे दिसतच नाही. पण मला सगळ्यात आवडला तोच. इकडे ग्रह फुटतायत आणि हा पठ्ठ्या घोरतोय. आणि ही जी कोण सांगणारी बाई आहे, तिला त्याचा काडीइतका राग नाही. उलट त्याच्या अंगावर पांघरूण घालते म्हणे."

मी हसलो. मग हसणं मध्येच कुठेतरी मोडलं. म्हटलं, "मर्ल मीच."

रूडीने एकदा कार्डांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. डोक्यावरची टोपी काढली. "तुम्हाला ही हवीत?"

आर्डिस, मी म्हटलं, हो. पहिल्याच फटक्याला. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा. माझ्याच कानांना ते उद्धट वाटलं. रूडीने पुढे काही विचारलंच नाही, नुसता कॉफीचा कप माझ्यापुढे ठेवला, आणि तिन्ही कॅसेट, खोका आणि कार्डं पिशवीत भरून दिली. नववं कार्ड तेवढं उतरवून घेतलं, कारण मधली बंडाळी त्याला त्या कार्डाशिवाय कळत नाही.

घरी येऊन सगळी वाचली. पाचव्यात लिहिलंय, 'मर्ल, तू घोरायला लागलास तेव्हा ते धूमकेतूच्या शेपटीत लपले होते. उठल्यावर विचारशील की हा हिरवा कोण. तो स्वयंपाकी आहे आणि मनाने चांगला आहे, त्याच्यावर संशय घेऊ नकोस.' अकराव्यात, 'आज तू झोपेत माझं नाव घेतलंस, त्यामुळे लढाईत कोण जिंकलं ते माझं बघायचं राहिलं.' हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली. स्वच्छ होती, तरी घासली.

चौदावं फेब्रुवारीतलं आहे, अक्षर थोडं हललेलं. 'शेवट मी पाहिला. तो लिहीत नाही, कारण लिहिला तर तू कधीच बघणार नाहीस. या वेळी जागा राहा. एकट्याला जमणार नाही. कुणाला तरी शेजारी बसव.'

मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा जाग आली तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या. असो. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझ्या बहिणीचा नवरा,
मर्ल टॉलेफसन

ता. क. अकरा स्वेटरांतला एक तुला पाठवतोय. तुमच्याकडे थंडी नसते हे माहीत आहे. तरी ठेव, तो तिने विणलाय.

ता. क. २ रूडीला जेवायला बोलावलंय. काय वाढलं तरी दोनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं, हे त्याला शिकवतोय. तो म्हणतो, इतक्या वेळात जेवण निवेल.

ता. क. ३ तू फोनवर म्हणालीस, थँक्सगिव्हिंगला येऊ का? मी म्हटलं, छे, कशाला उगीच, तुझा गुडघा, विमानाचा त्रास. पुढच्या रविवारी परत विचारलंस. मी म्हटलं, माझं अगदी छान चाललंय. तू म्हणालीस, बरं. आर्डिस, हे दोनदा झालं. मी मोजलंय. तिसऱ्यांदा विचारशील म्हणून गेले तीन रविवार फोनजवळ बसतोय. आता वाट बघत नाही, न विचारताच उत्तर देतो: हो. ये. रूबार्बचा डबा तू आलीस की उघडू. आणि येताना नखं कापू नकोस.