सहाव्या खंडातला दाखला

नांदेड
११ जुलै २०२५

ती. मोठ्या काकांस,
रेणुकाचा स. जयभीम, वि. वि.

फोन केला की ऐकू मोठ्या काकूला जातं आणि उत्तर तुम्ही देता, तेही भलत्याच प्रश्नाचं. म्हणून हे पत्र. गुडघा कसा आहे?

नीटमध्ये मला चांगले मार्क पडले, मेडिकलची जागा मिळेल असं सगळे म्हणतात. पण जात पडताळणीला आपल्या घरातला १९५०च्या आधीचा कागद हवा आहे. आई आणि मी गावच्या शाळेत जाऊन आलो. जुनी रजिस्टरं वाळवीने केव्हाच खाल्ली. आता उरला तो आजोबांचा निजामाच्या काळातला शाळेचा दाखला. तो तुमच्याकडे आहे असं बाबा सांगायचे. महिनाअखेरपर्यंत मूळ कागद दाखवला नाही तर जागा गेलीच म्हणून समजा.

आईला बोलू नका, पण जागा गेली तर मी इथल्या कपड्याच्या दुकानात लागायचं ठरवलं आहे. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ती एकटीच घर ओढते आहे, मला बघवत नाही.

आणि हो, तुमच्या त्या इंग्रज कवीचे समग्र आठ खंड तुम्ही तिथल्या होस्टेलला दिलेत ना, ते मुली वाचतात का? आठही खंड वाचलेला माणूस आमच्या घरात आहे, असं मी मैत्रिणींना अजून ऐकवत असते.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.
रेणुका

*

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१६ जुलै २०२५

चि. रेणुकास,
अ. आ. व जयभीम.

तुझे मार्क वाचून तुझ्या काकूने, मालनने, खालच्या तेलुगू बाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. मला एकच मिळाला, शुगरचं निमित्त सांगून.

दाखल्याची काळजी नको. मी चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. माझ्या हाताने ठेवलेला कागद हरवत नसतो. कुठला कागद कुठे आहे याची माझी वही आहे. दाखला अगदी सुरक्षित जागी आहे, फक्त ती जागा सध्या घरात नाही. दोन-चार दिवसांत हाती येईल.

खंडांचं विचारलंस. ते ठीक आहेत. त्याबद्दल कधीतरी निवांत लिहीन.

दुकानात लागायचं पुन्हा लिहिलंस तर नांदेडला येऊन कान धरीन. मला ऐकू येत नसलं तरी दुसऱ्याचा कान धरता येतो.

काकाला विसरू नये, एवढीच मागणी.
किशनराव

*

चिक्कडपल्ली
२३ जुलै २०२५

चि. रेणुकास,
मोठ्या काकूचे अ. आ.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. दाखला त्या खंडांमध्येच आहे गं. यांच्या वहीत लिहिलंय: बाबांचा दाखला, खंड सहा. आणि खंड तर, तुला ठाऊकच आहे, यांनी चौदा एप्रिलला नामपल्लीच्या मुलींच्या होस्टेलला देऊन टाकले. जयंतीला हारफुलं न नेता वह्या-पुस्तकं न्यायची ही आपली रीत. यांनी घरातली सगळ्यात भारी पुस्तकं नेली आणि वर भाषण ठोकलं, की आठही खंड मी दोनदा वाचलेत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. देताना वहीत बघायचं भानच राहिलं नाही.

आता खरं सांगते, हसू नको. ती शंभर वर्षांपूर्वीची विलायती पुस्तकं. त्यांच्या पानांच्या कडा जोडलेल्या असायच्या, वाचणाऱ्याने सुरीने कापत पुढे जायचं. यांनी तिसऱ्या खंडापर्यंत कापल्या. पुढे सुरी लागलीच नाही. सहाव्या खंडात दोन जोडपानांमधला खिसा दिसला, तर सासऱ्यांचा दाखला त्यात सरकवून ठेवला. सुलतान बाजारच्या फुटपाथवरून आणले तेव्हापासून मी ते खंड पुसते आहे, मला नाही का कळायचं?

गेल्या आठवड्यात हे होस्टेलवर गेले. पुठ्ठे सुटले म्हणून खंड बाइंडरकडे गेलेत, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं आणि काम काय ते विचारलं. पानं कापलेलीच नाहीत हे सांगायची यांना लाज. सहज आलो होतो म्हणाले, चहा प्यायले आणि परत आले. तेव्हापासून धड जेवण नाही. शेवटी काल मी ताट पुढ्यात ठेवून हटून बसले, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

आमचा अनिरुद्ध म्हणतो, बाइंडर शिवण झाली की तिन्ही कडा मशीनवर छाटतो, आत कागद असेल तर तोही जातो. उद्या दुकान उघडायच्या आधीच बापलेक तिथे जाऊन उभे राहणार आहेत. तू परेशान होऊ नको, धीर धर.

जीव लावतेस तसा लावत राहा.
मोठी काकू

*

नांदेड
६ ऑगस्ट २०२५

ती. मोठ्या काकांस,
स. जयभीम, वि. वि.

मिळालं, काका! वैधता प्रमाणपत्र आज हातात पडलं आणि प्रवेश पक्का झाला. अनिरुद्धदादा दाखला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा आईला पाणी विचारायचंही सुचलं नाही. आज तिने प्रमाणपत्र बुद्धमूर्तीपुढे ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. मला चार वाजता भूक लागली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मैत्रिणींना आता मी तीनच खंड सांगते. तीनही कमी नाहीत!

एक विचारू? बाइंडरच्या दुकानात तुम्ही लहान मुलासारखे रडलात असं दादा म्हणाला. का, ते तुम्ही सांगत नाही म्हणे. दाखला उर्दूत, आम्हाला वाचता येत नाही. कमिटीच्या उर्दू जाणणाऱ्या माणसानेही नाव, जात आणि साल एवढंच पाहिलं.

उत्तराची वाट बघते. राग नसावा, लोभ तर हक्काचाच आहे.
रेणुका

*

चिक्कडपल्ली
११ ऑगस्ट २०२५

चि. रेणुकास,
अ. आ. व जयभीम.

काल दोन वाट्या वरण-भात जेवलो आणि दुपारी घोरलो, अशी मालनची तक्रार आहे. होस्टेलवर जाऊन मॅडमना आणि मुलींना खरं काय ते सांगून आलो. मुली हसल्या. मलाही हसू आलं आणि फार हलकं वाटलं. उगाच आठवडा घालवला, याची मात्र अजून शरम वाटते.

बाइंडर गफूरसाब माझ्याच वयाचे. सहावा खंड उसवताना त्यांच्या मांडीवर कागद पडला. शाळेचा दाखला म्हणजे कुणाचं तरी नशीब, असं म्हणून त्यांनी तो पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. मी दुकानात शिरून त्या खंडांचं नाव काढतो तोच त्यांनी विचारलं, विठोबा वल्द सटवा आपले कोण. सटवाचा मुलगा विठोबा, म्हणजे माझे बाबाच. अनिरुद्धने धरून स्टुलावर बसवलं.

मग मी त्यांना तो वाचून दाखवायला सांगितलं. इतकी वर्षं जपला, पण उर्दू मलाही येत नाही, त्यात काय लिहिलंय ते मला कुठे ठाऊक होतं? बाबा आम्हाला सांगायचे, मी चौथीत नापास झालो, डोकंच नव्हतं, म्हणून शाळा सुटली. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांना त्यावरून चिडवलंही होतं. ते नुसते हसले होते.

गफूरसाबांनी कानाशी येऊन मोठ्याने वाचलं. चौथी पास. वर्गात पहिला. शाळा सोडण्याचं कारण, वडिलांचा मृत्यू. तेव्हा बाबा अकरा वर्षांचे होते.

रडलो ते म्हणून. घरी येऊन मालनला सांगितलं. ती म्हणाली, बाप गेला की शाळा सोडून घर ओढायचं असतं, हे पोरांच्या मनात येऊ नये म्हणून मामंजींनी जन्मभर स्वतःला नापास म्हणवून घेतलं. मला ते पटलं.

रेणुका, तुझेही वडील गेले. पण ते कारण आपल्या घरातल्या एका दाखल्यावर लिहिलं गेलं तेवढं पुरे. दुसऱ्या दाखल्यावर येणार नाही, मी जिवंत आहे. फी, पुस्तकं, जे लागेल ते मला कळव, आणि आईलाही हे पत्र वाचून दाखव.

विठोबाच्या नातीला या म्हाताऱ्याचा जयभीम.
किशनराव