एका घोटात उठले

प्रिय बारक्या,

कालपासून जिवाला स्वस्थता नाही. चहा ठेवते आणि उतू घालवते. येत्या रविवारी तू सगळं विकून परदेशी निघालायस, आणि तेही बाबांना न भेटता, हे डोक्यातून जातच नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. वाच, चुरगळू नकोस.

काल सफरचंदाच्या दारूची, सायडरची स्पर्धा होती आणि मी परीक्षक होते. बाटल्या कागदी पिशव्यांत, वर नुसता आकडा. बनवणारा ओळखू आला की पेला खाली ठेवून, कारण न सांगता उठायचं, हा आमचा नियम तुला ठाऊक आहेच. सकाळपासून सगळं गुळमुळीत चाललं होतं. एक नुसतं साखरपाणी, तर दुसरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास. वीसपैकी बाराच्या वर मी कुणाला चढू दिलं नाही. शेजारचा हॉटेलवाला मात्र प्रत्येक पेल्याला मान डोलावत होता. फुकटचं त्याला सगळंच गोड लागतं.

मग ती बाटली आली. रंग जरा गढूळ, वास ताज्या सालींचा, आणि घोट घेतला तर जिभेच्या कडा धरणारा तुरटपणा. ती बारीक कडू सफरचंदं! 'डुकरांना घालायची फळं माझ्या पिंपात नकोत' म्हणून बाबांनी तुला चारचौघांत झापलं होतं आणि तू त्याच दिवशी घर सोडलंस, तीच. दुसरं कोण घालणार ती? मला वाटलं, जाता जाता तूच पाठवलीस. डोळे भरून आले. मी पेला ठेवला आणि उठले.

बाहेर गाड्यांमधून तुला शोधत वेड्यासारखी फिरले. तू कुठेच नव्हतास. परत आत आले तर मागच्या रांगेत बाबा दिसले; वाटलं, लेकीचं कौतुक बघायला आलेत. शेवटी पिशव्या काढल्या, तर त्या बाटलीवर बाबांचं अक्षर!

इतरांनी गुण बरे दिले, पण बाबांना त्यांचं काय! नियम त्यांनाही माहीत आहे. पण ती फळं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घातली होती, तेव्हा त्यांची सायडर मी ओळखणं शक्यच नाही. म्हणजे तोंडात धरवली नाही म्हणूनच लेक उठली, असं त्यांनी धरून ठेवलंय. मला ती तुझी वाटली, हे मी गाडीत शपथेवर सांगितलं. ते नुसते हसले. मी समजूत घालतेय असं वाटलं त्यांना. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस आज सकाळपासून बुचं पुसत बसलाय आणि उरलेली सायडर ओतून टाकायची म्हणतोय. मला त्यांचा राग येतो. तुझाही येतो.

म्हणून लिहितेय. तोंडाने चुकलं म्हणणं त्यांना या जन्मी जमणार नाही, त्याची वाट बघू नकोस. शेवटचं पिंप मी शनिवारपर्यंत कसंबसं अडवून धरलंय. ये, त्यांच्यासमोर बस आणि पी. वाईट असली तर तोंडावर वाईट म्हण, वीसपैकी दोन दे. पण गुण तू दे. तुझी चव आपल्याला जमली का, एवढंच त्यांना हवंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही रे.

तुझीच,
ताई