साखर सोडली

४ फेब्रुवारी, मंगळवार

ज्यांनी पाचवीत माझा कान पिळून लाल केला, त्यांचाच कान आज माझ्या चिमटीत! गणिताचे सर. ते दवाखान्यात शिरले तशी मी खुर्चीतून उठलेच. पलीकडच्या टेबलावरून मोठे डॉक्टर हसत होते.

उजवा कान, तीन दिवस ठणका. पाळी वर-मागे ओढली — सर कळवळले. कानाच्या भोकापुढचा उंचवटा दाबला — तेच. म्हणजे दुखणं बाहेरच्या नळीत, पडद्यामागे नाही. नळी सुजून अरुंद झालेली. अजून आत बघायला हवं होतं. पण सर "अगं!" असे ओरडले आणि माझा हात आपोआप मागे आला. पाचवीतली भीती, दुसरं काय! कानात औषधात भिजवलेली कापडाची वात घातली, थेंब लिहून दिले.

"सर, शुगर आहे का?"

"साखर? चार वर्षं झाली सोडून."

केसपेपरवर लिहिलं — मधुमेह नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वात काढायला आज बोलावलं होतं. सर आले नाहीत. बरं वाटत असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार



सर आले, सोबत त्यांच्या पत्नी — काकू. सरांचे डोळे खोल गेलेले. सूज उतरलीय, पण ठणका दुप्पट! हे गणित जुळेना. वात काढली; या वेळी ते ओरडले तरी हात मागे घेतला नाही. नळीच्या तळाशी लालभडक मांसाचा दाणा. हा दाणा पुस्तकात पाहिलाय, आणि तिथे तो कुणाला होतो तेही लिहिलंय.

"काकू, सरांना मधुमेह...?"

"चार वर्षं आहे की! चहातली साखर सोडली, म्हणून गोळ्याही सोडल्या. माझं ऐकतील तर शपथ!"

बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर ३६२.

मोठ्या डॉक्टरांनी कान पाहिला, मला बाजूला घेतलं. "जंतू हाडात उतरत असणार. आजच भरती करू. तू रोज चेहरा तपास. तोंड वाकडं झालं, तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलं समज." केसपेपर त्यांनी अजून पाहिलेला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केसपेपर माझ्या खणात आहे. माझंच टपोरं अक्षर. 'नाही'वर एक रेघ मारली की नुसतं 'मधुमेह' उरतं. कुणाला कळणार! पेनचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

आठवडा फुकट गेला तो माझ्यामुळे. कानाडोळा म्हणतात तो मी अक्षरशः कानातच केला. भीती वाटते. सरांची वाटते, मोठ्या डॉक्टरांची वाटते, आणि स्वतःची सगळ्यात जास्त.

रेघ मारली नाही. अजून तरी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इंजेक्शनं चालू. चेहरा सरळ.

१५ फेब्रुवारी, शनिवार

"गाल फुगवा. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा." सगळं ठीक. सर म्हणाले, "रोज मला फळ्यापाशी उभं करतेस! सूड घेतेस होय?"

तिथेच रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं — आत बघायला घाबरले ते, साखरेचं, आणि त्या रेघेचंही. केसपेपर तसाच मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलाय हेही. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहिण्याची हिंमत नाही.

सर म्हणाले, "प्रश्न मोघम, उत्तर त्याहून मोघम. अर्धे गुण तुझे कापतो, अर्धे माझे."

किती दिवसांनी पोटभर जेवले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी वॉर्डात गेले. मला पाहून सर हसले. फक्त डाव्या बाजूने.