रत्नीचा फोटो आणि गुरुलिंगाची डिस्क

२४ ऑक्टोबर २०१२, बुधवार. दसरा

अन् नारळ फोडायला दुसरी जागाच न्हवती का ह्याला! फरशी होती, दारात दगड होता. पण न्हाई! काल खंडेनवमीला चालू कम्प्युटरला हळदकुंकू, हार, अन् त्या डब्याच्या कोपऱ्यावरच नारळ हाणला. चालू का ठेवला, फोनवर विचारलं तर म्हणतो, "अक्का, पूजेत मशीन बंद नसावी." पन्नाशीला टेकला, अक्कल न्हाई.

हा माझा धाकटा भाऊ गुरुलिंग. उदगीरला फोटोचं दुकान. आता डब्यातून टक-टक आवाज येतो अन् स्क्रीन काळी. ह्यानं काय करावं? नऊ वेळा बंद करून चालू केला. मग वरून थापडा मारल्या. थापडा!

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी आमच्या गावात काढलेले सगळे फोटो त्यात हायत. निगेटिव्हची पेटी ढिगाऱ्यातून धड निघाली होती. सहा वर्षांमागं ती पेटी अन् दुकानातले जुने रोल नांदेडच्या एका लॅबवाल्याला दिले, त्यानं एकजात कम्प्युटरात भरून दिले. मग ह्यानं निगेटिव्ह फेकल्या. बुरशी लागली होती म्हणे. दुसरीकडं कुठं ठेवलं का? "कम्प्युटरात हाय की, अक्का!"

२५ ऑक्टोबर

अंजू सकाळी चहा न घेताच पोळ्या लाटून गेली.

ती माझ्या पाठच्या बहिणीची, रत्नम्माची, पोरगी. भूकंपात रत्नी अन् तिचा नवरा गेले, आठ महिन्यांची अंजू पाळण्यात वाचली. तिसऱ्या दिवशी गुरुलिंगानंच तिला टॉवेलात गुंडाळून लातूरला माझ्या दारात आणलं. रत्नीला सगळ्यांबरोबर जाळलं म्हणला. आपल्यात, लिंगायतांत, पुरतात. पण तवा कोण विचारतंय. मला गावात येऊ दिलं न्हाई. "बघवणार न्हाई, अक्का." मी बघितलं न्हाई.

तुळशीच्या लग्नानंतर अंजूचं लग्न हाय. मांडवात आईबापाचे फोटो मांडून हार घालायचा. बापाचा तिच्या चुलत्याकडं मिळाला. आईचा एकच, नागपंचमीला गल्लीतल्या बायकांचा काढलेला. मी पण हाय त्यात, माहेरी आलेली. तो बी गुरुलिंगाच्या कम्प्युटरातल्या डिस्कमधीच.

"मावशी, मला आईचं तोंडच माहीत न्हाई." एवढंच म्हणली रात्री.

२६ ऑक्टोबर

उदगीरची बस धरली. डबा गुरुलिंगाच्या हातातून ओढूनच आणला. तो म्हणतो, "जुनं कशाला उकरतीस? एखाद्या चित्रकाराकडून काढून घेऊ." चित्रकाराला रत्नी कुठं माहीत हाय!

संध्याकाळी जिलानीकडं गेले. क्लासच्या गल्लीत कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं, माझ्या खानावळीपासून चार दारं सोडून. कानाला लावून ऐकली डिस्क. "किती बार चालू केली?" नऊ म्हणलं. "मावशी, आता हात लावायचा न्हाई. ही म्हातारी हाय, हिला पळवायचं न्हाई."

परवा सुरू करतो म्हणला. उद्या बकरीद.

२७ ऑक्टोबर

दुकान बंद. शिरखुर्मा आज नसतो म्हणे, तो दुसऱ्या ईदला. डबाभर बिर्याणी देऊ का विचारत होता. आमच्यात चालत न्हाई, माहीत असून विचारतो हसत हसत.

२९ ऑक्टोबर, सोमवार

अजून सुरू न्हाई! एका क्लासवाल्या सरांचे सहा कम्प्युटर मधीच आले. "पोरांची टेस्ट सीरिज हाय, अर्जंट." म्हणलं, जिलानी, ते पोरं दर वर्षी येणारेत. त्यांच्या टेस्टा बी. माझी बहीण एकदाच मेली. स्टूल ओढलं अन् बसले. चाळीस पोरींची भाजी शिजायची ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे म्हणलं.

सरांचे डबे बाजूला गेले.

त्यानं समजावलं. डिस्क उघडून फोटो शोधायचे न्हाईत. आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यायची, एकाच फाइलीत. इमेज म्हणतो तो. जे नीट वाचतंय ते आधी उचलायचं, खराब जागा आली की तिथं डोकं आपटायचं न्हाई, सोडून पुढं जायचं. सगळं झालं की मग खराब जागांकडं परत यायचं, उलट्या बाजूनं. मग जे काय शोधायचं ते त्या प्रतीत.

"पण आधी नागपंचमीचाच उचल ना!"

"कुठं हाय ते डिस्कलाच सांगता येईना, मावशी."

३० ऑक्टोबर

प्रत एकाहत्तर टक्के झाली. पोरी म्हणाल्या, आज आमटी खारट. खा म्हणलं.

१ नोव्हेंबर

लोडशेडिंग. इन्व्हर्टर पण बसला. मी तिथंच होते, ओरडलेच — गेलं सगळं! जिलानी गप चहा पीत बसला. कुठपर्यंत वाचलं, काय सोडलं, ते सॉफ्टवेअरच एका फाइलीत लिहीत जातं म्हणे. लाइट आली की तिथूनच पुढं. आली. तिथूनच पुढं गेलं.

हे गुरुलिंगापेक्षा शहाणं.

३ नोव्हेंबर

त्र्याण्णव. आता मुंगीसारखं चाललंय. डिस्क तापते, म्हणून पंखा लावलाय. गिऱ्हाइकाला वारा न्हाई, डिस्कला हाय.

गुरुलिंगाचा फोन. "निघालं का काय?" म्हणलं, एवढी घाई लागली तर ये बसायला. ठेवला.

५ नोव्हेंबर, सोमवार

सत्त्याण्णव अन् वर थोडं. मग टक, टक, अन् आवाजच बंद. फिरेनाच. जिलानीनं तार काढली. "संपली."

मग त्यानं सांगितलं, "मावशी, डिस्क मेली. प्रत आपल्याजवळ हाय." तिची बी आणखी एक प्रत केली अन् तीत शोधायला लागला.

६ नोव्हेंबर

फोटो निघाले! तीन हजारांवर. पण नावं गेली, तारखा गेल्या, क्रम गेला. नुसते आकडे. एकेक उघडून बघायचा. लग्नं, बैल, शाळेचे वर्ग, उदगीरचे पासपोर्ट फोटो, सगळी खिचडी.

अंजू अन् मी. मी पुढं म्हणलं की ती बटण दाबते. अमृतराव मास्तर दिसले. त्यांची सून. मारुतीचा पार. एकजण बी आता न्हाई, पार बी न्हाई. अंजूनं विचारलं, "मावशी, पाणी देऊ?" म्हणलं, पुढं.

७ नोव्हेंबर

नागपंचमीचा सापडला. वरचा अर्धा. मी हाय, नागम्मा काकू हाय, झोका बांधलेलं लिंबाचं झाड हाय. खाली करडा पट्टा. रत्नी पुढं बसली होती. ती पट्ट्यात.

जिलानी म्हणला, तो तुकडा त्या तीन टक्क्यांत गेला. दोनदा बघितलं त्यानं. अंजू म्हणली, "चालतंय, मावशी." चालत न्हाई! तेराशे बघायचे ऱ्हायलेत. बस म्हणलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

मिळाली! दुपारी. पासपोर्ट फोटो, एकटीचा, डोळ्यांत डोळे घालून. गळ्यात मंगळसूत्र, मोठं कुंकू, ओठ दाबलेले. चिडली की अशीच बसायची. कुठं एक ठिपका गेलेला न्हाई.

अंजू म्हणली, "ही?" म्हणलं, ही. तिनं स्वतःची हनुवटी चाचपली. जिलानी बाहेर जाऊन उभा ऱ्हायला.

मोठा करून फ्रेमला टाकलाय.

९ नोव्हेंबर

फ्रेम आली. अंजूनं हार आणला. मी घालू दिला न्हाई.

मोठा केला तवा मागचा पडदा दिसला. रंगवलेलं तळं, दोन हंस. तो पडदा उदगीरच्या दुकानातला हाय. त्याचं मांजरपाट मीच लातुरातून घेऊन दिलं होतं, दुकान उघडताना. भूकंपानंतर सात महिन्यांनी.

फोन केला. म्हणलं, रत्नी त्या पडद्यापुढं कशी बसली? तो म्हणला, "अक्का..." म्हणलं, अक्का न्हाई. रविवारी दिवस मावळायच्या आत इथं येऊन तोंडानं सांग, ती कुठं हाय. न्हाई आलास तर सोमवारच्या पहिल्या बसनं अंजूला घेऊन मीच येते.